उभ्या माऊसवर बसवलेला हात

ऑफिसच्या पॅन्ट्रीत चहाचा कप हातातून निसटला तेव्हा मला वाटलं, आपलं लक्ष नव्हतं. मग घरी कुकरचं झाकण लावता येईना. आणि एका संध्याकाळी कणीक मळताना अंगठ्यापासून कोपरापर्यंत अशी कळ गेली की परात तशीच सोडून मी ओट्याला टेकून उभी राहिले.

"काय झालं गं?" नवऱ्याने बाहेरून विचारलं.

"काही नाही," म्हटलं. पण बोटांना मुंग्या येत होत्या, आणि मनातून मी घाबरले होते.

मी मस्कतमध्ये एका सल्लागार इंजिनिअरांच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन आहे. बाई असले तरी पदाचं नाव तेच. इंजिनिअर कच्चं आखून देतात, मी कॉम्प्युटरवर इमारतीची पक्की ड्रॉइंग काढते, म्हणजे दिवसभर उजवा हात माऊसवर. या देशात मी आले ती ठाण्यातली नोकरी सोडून, नवऱ्याच्या व्हिसावर. मुलगी शाळेत रुळेपर्यंत बरीच वर्षं घरात गेली. पुन्हा अर्ज करायला लागले तर जो तो विचारी, मधल्या काळात काय केलंत? या एका ऑफिसने ते न विचारता मला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि जिना काढायला सांगितला. मी काढला. त्या जिन्यावर मिळालेली ही नोकरी होती.

डॉक्टर म्हणाले, मनगटातली नस दबते आहे. पट्टा बांधा, हे व्यायाम करा, हात पालथा टेकवून तासन् तास काम करू नका. "उभ्या धाटणीचा माऊस मिळतो, तो वापरून बघा. काहींना बरं वाटतं, काहींना नाही."

मनगटाला पट्टा दिसताच आमच्या विभागप्रमुखांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्या ओमानी, माझ्यापेक्षा वयाने लहान, बोलायला मऊ, पण कामात एक रेघ इकडची तिकडे खपवून घेत नाहीत.

"तुम्ही डॉक्युमेंट कंट्रोलला का जात नाही?" त्या इंग्रजीत म्हणाल्या. "पगार तोच. ड्रॉइंगवर शिक्के मारायचे, कुठली कुठे गेली ते बघायचं. हाताला आराम मिळेल."

त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं, म्हणून तर मला जास्त लागलं. मी म्हटलं, "मॅडम, मला थोडा वेळ द्या. मी माऊस बदलते आहे."

"इन्शाल्ला," त्या म्हणाल्या. त्यातून हो की नाही ते कळेना.

घरी नवऱ्याचंही तेच. "अगं, पगार तोच देतायत तर घे की. हात गेला तर काय करशील?"

"आणि ड्रॉइंग गेलं तर काय करू? पुन्हा घरी बसू?"

तो उठला. परात ओढून स्वतःच कणीक मळायला लागला. पोळ्या नकाशावरच्या बेटांसारख्या झाल्या, पण आम्ही मुकाट्याने खाल्ल्या.

मस्कतच्या रुवी भागातल्या दुकानांत तसा माऊस मिळाला नाही, मागवावा लागला. आला तेव्हा टेबलावर एक उंचवटाच उभा राहिला. कुणाशी हात मिळवताना पंजा धरतो तसा तो धरायचा. शेजारच्या टेबलावरचे केरळी सहकारी, आमच्यातले सगळ्यांत जुने ड्राफ्ट्समन, मान वाकडी करून बघत म्हणाले, "मॅडम, ये तो ऊंट है!" झालं, सगळ्या ऑफिसात त्याचं नाव उंट पडलं.

आणि उंटच निघाला तो. बटण दाबलं की अख्खा माऊस बाजूला सरके. कोपरा पकडायला जावं तर शेजारची भिंत हाती यायची. दारं भलतीकडे जाऊन बसायची. पहिल्याच दिवशी माझा हात आपोआप जुन्या माऊसकडे जाऊ लागला, तेव्हा मी तो उचलून स्टोअरमध्ये जमा करून आले. समोर असता तर मी टिकले नसते.

खरी परीक्षा आली ती सूर नावाच्या गावातल्या एका दवाखान्याच्या ड्रॉइंगवर. साइटवर खांबांची जागा बदलली होती आणि सुधारलेलं ड्रॉइंग त्यांना गुरुवारीच हवं होतं. गुरुवारी सकाळी मॅडम माझ्या खुर्चीमागे येऊन थांबल्या. माझा बाण पडद्यावर भरकटताना त्यांनी बघितला.

"आजच्यापुरता जुना माऊस घ्या," त्या म्हणाल्या.

मी वळून म्हटलं, "दुपारच्या अजानपर्यंत अर्धं झालं नाही, तर मी स्वतः हे शेजारच्या सहकाऱ्यांना देते. साइटचं काम माझ्यापायी अडू देणार नाही. पण तोवर मला करू द्या."

त्यांनी शेजारच्या सहकाऱ्यांकडे बघितलं. सहकाऱ्यांनी होकारार्थी मान हलवली. "ठीक आहे. यल्ला, करा सुरू," मॅडम म्हणाल्या.

त्या गेल्या आणि मी हातावर जोर देणं सोडलं. इतकी वर्षं मी प्रत्येक गोष्ट माऊसने ओढून करत आले होते. कीबोर्डवरून आज्ञा देता येतात हे ठाऊक होतं, पण सवय नव्हती. आता डाव्या हाताने अक्षर दाबायचं, लांबी आकड्यात लिहायची, आणि माऊस फक्त जागा दाखवण्यापुरता. रेघ हवी तर एल, हलवायचं तर एम. सुरुवातीला चाचपडले. मग एकेक खांब नेमका आपल्या जागी जाऊन बसायला लागला. डोळ्यांनी अंदाज घेत ओढण्यापेक्षा आकडा लिहिणं जास्त चोख होतं. अजान झाली तेव्हा अर्ध्याच्या पुढे सरकले होते. डबा उघडलाच नाही.

उतरत्या दुपारी काम पुरं झालं तेव्हा मॅडमनी प्रिंट टेबलावर पसरून लाल पेनने तपासली. पेन एका जागी थांबलं. "हे दार आत उघडतंय. स्ट्रेचर कसं वळेल?"

चूक माझीच होती. जाऊन दार फिरवलं, नवी प्रिंट आणली. त्यांनी पुन्हा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि सही केली.

"खलास, झालं काम," त्या म्हणाल्या. मग पेनला टोपण लावता लावता, "डॉक्युमेंट कंट्रोलला मी दुसरं कुणी बघते."

मी जागेवर येऊन बसले आणि मनगटाचा पट्टा सैल केला. शेजारून सहकाऱ्यांच्या डब्यातले केळ्याचे वेफर्स पुढे आले.

हात पूर्ण बरा झाला असं मी म्हणणार नाही. मुंग्या कमी झाल्या, कप आता निसटत नाही, पण काम लांबलं की मनगट आठवण करून देतं, आणि मग मी उठून व्यायाम करते, कुणी बघो न बघो. सध्या दक्षिणेकडच्या सलालाह शहरातल्या एका शाळेचं काम माझ्याकडे आहे, तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळी ड्रॉइंग माझी. आज जिन्याला हात घातला आहे. पायऱ्यांची उंची अजून मनासारखी बसत नाही. उद्या पुन्हा मांडेन.