मागे राहिलेला तुकडा

आमच्या घरात केस आणि नखं कचऱ्यात टाकत नाहीत. कंगव्यात अडकलेला गुंता अम्मी कागदाच्या पुडीत बांधायची आणि उरणच्या घरामागे मेंदीच्या झुडपाखाली पुरायची. माणसाचं जे आहे ते मातीला परत द्यायचं, हा तिचा नियम. लहानपणी आळस करून मी नखं मोरीत सोडली की पाठीत धपाटा ठरलेला.

किमो सुरू झाल्यावर तिचे केस मुठीमुठीने जायला लागले. ती उशीवरून गोळा करायची आणि अब्बा खुरपं घेऊन मागे जायचे. एकदा मला म्हणाली, "तुज्या बापाला म्हातारपनी बागकामाचा नाद लागला बग." स्वतःच हसली. मी उगाच तिच्यावर खेकसले. माझं असंच आहे, रडू यायच्या जागी राग येतो.

मी तेव्हा ट्रान्सलेशनल मेडिसिनच्या एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. जुईनगरला दोन मुलींबरोबर भाड्याची खोली आणि तिथून जवळच इन्स्टिट्यूट. प्रयोगशाळेत सापडलेलं पेशंटच्या खाटेपर्यंत कसं पोचवायचं, असा तो विषय. समजावून सांगायला गेलं की समोरचा जांभई देतो. अम्मीने ते सोपं करून टाकलं होतं. शेजारणींना सांगायची, "दवा बनवायला शिकते." मी म्हणायची, अगं, लगेच बनत नाही, वर्षानुवर्षं लागतात. "मग लागू देत की," ती म्हणायची. तिच्याकडे वर्षं नव्हती, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

तिच्या ऑपरेशनआधी हॉस्पिटलच्या एका बाईंनी विचारलं, काढलेल्या गाठीचा तपासणीनंतर उरलेला तुकडा संशोधनाला द्याल का? ते तुकडे आमच्याच इन्स्टिट्यूटच्या फ्रीझरमध्ये येतात. अम्मीने माझ्याकडे बघितलं. "माजं नाव राहील का त्याच्यावर?"

"नाही. नाव कायमचं काढून टाकतात, नुसता नंबर उरतो. तुझा आहे हे कुणाला कळणारसुद्धा नाही."

मी हे मोठ्या ऐटीत सांगितलं, कारण नुकतंच वर्गात शिकवलं होतं. ती लगेच तयार झाली. "माज्या पोरीच्या अभ्यासाला होईल," असं त्या बाईंना म्हणाली.

दुसरं वर्ष सुरू होता होता ती गेली. दफन होईपर्यंत अब्बा ताठ उभे होते. चाळिसाव्या दिवसाचं जेवण आटपलं, पाहुणे पांगले, तेव्हा ते माझ्याजवळ येऊन बसले.

"ती सगळी नाय गेली गो. तिचा एक तुकडा तुज्याकडं हाय. तो आन. कबरीत ठेवू."

केसांची एकेक पुडी पुरणारा हा माणूस, तो तुकडा विसरणार कसा? मी सांगितलं की हजार गोष्टी मागा पण ही नका मागू. फ्रीझरमध्ये रांगेने नळ्या आहेत, सगळ्या सारख्या, आणि कोणती तिची हे आता कुणालाच सांगता येत नाही.

"तुला पन?"

"मलापण नाही."

"तू तिची पोर ना," ते म्हणाले. "तुला कळत नाय?"

मी चिडले. मी काय अंतर्ज्ञानी आहे का, असं काहीतरी बोलून आत निघून गेले. पण सोमवारी माझ्या गाईड सरांच्या केबिनबाहेर जाऊन उभी राहिले. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, नाव आणि नंबर जोडणारं काहीच आता शिल्लक नाही, हे तुलाही माहीत आहे. माहीत होतंच. वाईट याचं वाटत होतं की माझा प्रबंध त्याच नळ्यांवर होता. रोज सकाळी हातमोजे घालून मी एकेक नळी बाहेर काढत होते. त्यातली एखादी अम्मी होती.

एका शुक्रवारी नमाज आटपून अब्बा उरणहून थेट इन्स्टिट्यूटच्या गेटवर आले. न सांगता. मी खाली धावले. आत सोडणार नाहीत म्हटल्यावर म्हणाले, "आत कशाला? खिडकी दाव." मी वरच्या मजल्यावरची, एसीचं पाणी गळणारी खिडकी दाखवली. पार्किंगमधल्या स्कूटरींच्या मधे उभं राहून त्यांनी दुवा मागायला दोन्ही हात वर धरले आणि डोळे मिटले. वॉचमन विचारायला आला, काका, कोणाला भेटायचंय. मी त्याला हातानेच थांबवलं.

"कोनती तिची ते तुला ठावं नाय," हात तोंडावरून फिरवून ते म्हणाले. "मग सगळ्यांच्याच नावानी फातिहा दिली. त्यात ती आलीच."

"त्यात कोण कोण असतील काय माहीत, अब्बा."

"असू दे. त्यांचं पन कोन तरी घरी बसलं असल."

मग आम्ही समोरच्या टपरीवर चहा घेतला. ज्याची मला धास्ती होती तोच प्रश्न त्यांनी विचारला. काम झाल्यावर त्याचं करता काय? खोटं बोलावंसं फार वाटलं, पण जीभ वळली नाही. म्हटलं, पिवळ्या पिशवीत जातं आणि मग भट्टीत जाळतात.

त्यांनी ग्लास खाली ठेवला. "आपल्यात जाळत नाय."

"माहीत आहे."

ते रस्त्यावरच्या ट्रककडे बघायला लागले. "आनि राख?"

"ती पुरतात. मातीत."

"मातीत जाते ना?"

"जाते."

ते चहा तसाच ठेवून उठले. स्टेशनपर्यंत माझा हात धरून चालले, जसे मी शाळेत असताना धरायचे.

त्यानंतर पिवळ्या पिशवीत नळी टाकताना दर वेळी मीही फातिहा पुटपुटायला लागले. बाजूची मुलगी विचारायची, काय गं, मोजतेस का? मी हो म्हणायची.

परवा दुपारी शेवटची नळी संपली. कामात म्हणावं असं काहीच निघालं नाही, म्हणजे दवा तर लांबच. सर म्हणाले, असंही होतं, तसंच लिही. मी अब्बांना फोन लावला.

"झाल्या सगळ्या?"

"झाल्या."

"कंदी?"

"आत्ताच. जोहरच्या नमाजनंतर."

मग म्हणाले, "बरं. जातो कब्रस्तानात. सांगतो तिला, आता तुजं काय मागं राहिलं नाय."

मी लॅबच्या जिन्यात बसून खूप रडले. या वेळी राग आलाच नाही.