मिस्त्रींचा कान आणि माझं नवं इंजिन

अकोल्याच्या आमच्या मिस्त्रींच्या कानाइतका तिखट कान अख्ख्या वऱ्हाडात दुसरा नव्हता, आणि हे मी सासूबाईंबरोबर बावीस वर्षं एका घरात काढून सांगते आहे. सासूबाईंना माजघरातून ऐकू येई ते फक्त माझं बोलणं. मिस्त्रींना रस्त्याच्या वळणावरूनच गाडीच्या पोटातलं ऐकू येई. गाडी दारात उभी राहायच्या आत त्यांचं निदान तयार असे. मालकानं तोंड उघडलं की ते हात वर करत. ‘‘तुमी थांबा. पयले तिले बोलू द्या.’’

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले त्याला तीस वर्षं झाली. मी तेव्हा अडतीस वर्षांची, शाळेत भूगोल शिकवणारी आणि अमरावतीतल्या आमच्या गल्लीत स्वतःची गाडी चालवणारी पहिली बाई होते. हे शेवटचं मी इतक्यांदा सांगत असे, की माझी छोटी पांढरी गाडी दिसली की बायका कपडे वाळत टाकायचे सोडून आत जात. डोळ्यांवर काळा गॉगल, हातांत पांढरे मोजे. कुठल्याशा मासिकात एक बाई तशी दिसली होती, एवढंच कारण. या थाटात मी एकटी अकोल्याला गेले आणि गॅरेजसमोर झोकात ब्रेक दाबला. मिस्त्री एका जीपखाली निजले होते, नुसते पाय बाहेर. त्या पायांकडून आवाज आला, ‘‘वहिनी, मूर्तिजापूरपासून तिसऱ्यातच आल्या का?’’

आले होते! चौथ्या गिअरचं मला भयंकर भेव. पण हे त्यांना कसं कळलं, आणि चालवणारी बाई आहे हे तरी कसं कळलं, ते मी आजवर विचारलेलं नाही. उत्तर आवडणार नाही याची खात्री आहे.

त्याच दिवशी त्यांनी गाडी इतकी मऊ करून दिली, की सुरू असलेली गाडी मला बंद वाटली आणि मी पुन्हा चावी फिरवली. खर्रर्र! रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. मिस्त्री धावत आले. ‘‘जागी हाय ते, वहिनी! जाग्या मानसाले कोनी उठोते का?’’ समोरच्या चहाच्या टपरीवर हशा पिकला. त्या दिवशी माझे मोजे उतरले. गॉगल मात्र अजून वर्षभर टिकला. माझा शहाणपणा हप्त्याहप्त्यानं येतो.

तेव्हापासून त्यांच्यापलीकडे मी गाडी कुणाला दाखवली नाही. ‘‘अमरावतीत मेकॅनिक मेले काय?’’ असं आमचे ‘हे’ दर वेळी विचारत आणि दर वेळी पेपर घेऊन शेजारी बसून येत. मिस्त्रींच्या गॅरेजचे कायदे वेगळे. मालकानं चहा प्यायल्याशिवाय बॉनेट उघडायचं नाही. गाडीला ‘खराब’ म्हणायचं नाही, ‘नाराज’ म्हणायचं. एका वकिलानं गाडीला ‘डबडं’ म्हटलं, तर त्याला बाहेर बाकावर बसवून ते गाडीशी हळू आवाजात काहीतरी बोलले आणि मग कामाला लागले. लाकडी मुठीचा हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हर हे त्यांचं एकमेव यंत्र. टोक इंजिनावर, मूठ कानाला, डोळे मिटलेले. हकीम नाडी बघतो तसा. दोन मिनिटांनी निकाल येई : ‘‘दोन नंबर रुसला.’’ म्हणजे तीन सिलिंडरांपैकी दुसरा.

गेल्या वर्षी आमच्या गाडीचे तिन्ही नंबर एकदम रुसले. गाडी इतका धूर सोडे, की गल्लीतले डास पळाले. ‘‘भंगारात देऊन टाक, आई,’’ मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला. मी गाडी ओढून नेली ती थेट अकोल्याला. मिस्त्रींचीही पंचाहत्तरी उलटली होती. त्यांची मुलं गॅरेज बंद करा म्हणून मागे लागलेली. ते गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, ‘‘दिल बदलू, वहिनी. नवं बसवू. हे बसलं तं मी हाय. नाई बसलं तं समजा माह्या हातातलं गेलं. मंग शटर ओढतो.’’

मागून ठोकलेल्या एका गाडीतलं इंजिन त्यांनी आणलं. त्याच घराण्यातलं, पण पंधरा वर्षांनी धाकटं. सोबत पाच गिअरचा डबा आणि वायरींचं जंजाळ. आरटीओची परवानगी आणायला मी स्वतः गेले. खिडकीतला मुलगा म्हणाला, ‘‘आजी, गाडी कोण चालवतं?’’ मी नुसती हसले. तो घाबरला असावा, कारण कागद लवकर निघाला.

पण धाकटं इंजिन थोरल्याच्या जागी बसेना. मिस्त्री म्हणाले, ‘‘नव्या सुनेले जागा करून द्या लागते. तिले कापता येत नाई, अन् घरबी पाडता येत नाई.’’ हे आमच्या सासूबाईंना कुणी वेळेवर सांगायला हवं होतं. इंजिन ज्यावर टेकतं त्या लोखंडी पट्ट्या नव्यानं घडवायच्या, तर त्यांची मापं ते जाड लग्नपत्रिकांतून कापत. लग्नाला जावो न जावो, पत्रिका मागून घेत. एक कापलेली पत्रिका मला ओळखीची वाटली. उचलून बघते तर आमच्याच मुलाची! सुनेच्या नावाच्या बरोबर मधोमध बोल्टाचं भोक. मी ती कुणाला दाखवली नाही, पण माझ्याकडे जपून आहे.

दोन महिने काम चाललं. त्या दिवसांत त्यांच्या खिशातला फोन वाजत राही आणि ते उचलत नसत. मी म्हणायची, म्हातारा माजला.

मग एका दुपारी त्यांचा निरोप आला. आम्ही पोचलो तर मिस्त्री धुतलेला सदरा घालून गाडीत बसलेले. बिस्मिल्ला म्हणून त्यांनी चावी फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. गार पाण्यात पाय सोडावा तसं शांत. मी टाळी वाजवणार, तेवढ्यात त्यांनी पुन्हा चावी फिरवली. खर्रर्र! थांबले. मान तिरकी करून ऐकलं. पुन्हा खर्रर्र!

मिस्त्री खाली उतरले. फडक्याला हात पुसले, पुसतच राहिले. ‘‘नाई बसलं, वहिनी,’’ ते माझ्याकडे न बघता म्हणाले. ‘‘झालं आता.’’ आणि शटर ओढायचा आकडा घ्यायला वळले.

आमच्या यांनी सांगायला तोंड उघडलं होतं. मी त्यांच्या पायावर पाय दिला. सांगितलं तर मिस्त्रींचा कान जात होता, न सांगितलं तर गॅरेज. तीस वर्षं मुलांना प्रश्न विचारून छळलं, त्याची ही परीक्षा. शेवटी मी टेबलावरचा तो स्क्रू-ड्रायव्हर उचलला, टोक इंजिनावर टेकवलं आणि मूठ त्यांच्या हातात दिली.

‘‘भाई, पयले तिले बोलू द्या.’’

त्यांनी मूठ उजव्या कानाला लावली. मग डाव्या. चेहरा कोराच. मग हळूच ती लाकडी मूठ त्यांनी दातांत धरली आणि डोळे मिटले. बराच वेळ ते तसे वाकून उभे होते. पांढरी दाढी इंजिनाच्या ठेक्यावर थरथरायला लागली. आमच्या यांनी पेपर घडी करून ठेवला, मी पाहिलेला हा पहिलाच प्रसंग.

‘‘जागी हाय,’’ मिस्त्री म्हणाले.

‘‘केव्हाची.’’

‘‘मंग सांगलं काहून नाई?’’

‘‘तुमी मले सांगलं होतं, तवा कोनतं मले गोड वाटलं होतं?’’

ते हसले. डोळे पुसायला त्यांनी तेच ग्रीसचं फडकं घेतलं आणि चेहरा काळा करून घेतला. आकडा होता तिथंच राहिला.

आता माझी गाडी पाचव्या गिअरमध्ये पळते आणि मीही घाबरत नाही. पण नवं इंजिन बोलतं फार हळू. म्हणून अकोल्याला जाताना गॅरेजचं वळण जवळ आलं की मी गिअर उतरवते आणि तिसऱ्यातच गाडी दामटते. ती बिचारी जिवाच्या आकांतानं ओरडते, रस्त्यावरची माणसं कपाळाला हात लावतात, हे पेपरामागे तोंड लपवतात. दारात मी करकचून ब्रेक दाबते आणि वाट बघते. कुठल्या तरी गाडीखाली नुसते पाय दिसत असतात. कधी ते पाय गप्पच राहतात. मग मी आणखी एकदा पाय दाबून इंजिनाला ओरडायला लावते.

‘‘वहिनी, मूर्तिजापूरपासून तिसऱ्यातच आल्या का?’’

‘‘हो ना, भाई,’’ मी ओरडून सांगते. ‘‘चौथ्याचं भेव वाटते.’’