कापायच्या टेबलावरचे आवाज

आमच्या जिन्यावरून वाजवायचा कीबोर्ड वर नेणाऱ्या माणसाची जी त्रेधा उडायची, ती बघायची मला सवय झाली होती. जिना अरुंद आणि मध्येच वळणारा. कीबोर्डची लांबलचक पिशवी त्या वळणावर हमखास अडायची. मग वरून हुकूम सुटायचा, "उभा कर! आधी उभा कर, मग फिरव!" हुकूम सोडणारे म्हणजे टोनमास्तर. स्वतः खाली येऊन हात लावतील तर शपथ. गुडघ्यांचं निमित्त सांगायचे, आणि ते खरंही होतं.

टोनमास्तर हे नाव त्यांना वाजवणाऱ्यांनीच दिलेलं. स्वतः ते बेताचंच वाजवायचे. त्यांचं काम वेगळं होतं. कीबोर्डात कंपनीने शेकडो आवाज, वाजवणाऱ्यांच्या भाषेत टोन, भरून दिलेले असतात, पियानो, बासरी, व्हायोलिन, घंटा, काय वाटेल ते. पण ते सगळ्यांच्या कीबोर्डात तेच. ज्याला स्वतःचा वेगळा आवाज हवा असेल तो मास्तरांकडे यायचा. मास्तर मग त्या यंत्राच्या पोटात शिरायचे. बासरीखाली व्हायोलिनचा पातळ थर घाल, कळ दाबल्याबरोबर आवाज अंगावर न येता दमाने येऊ दे, बोट उचललं तरी जरा रेंगाळू दे, मग त्याची धार थोडी वाढव, थोडी उतरव, असं चालायचं. मनासारखा जमला की एका रिकाम्या जागेत साठवायचे आणि त्याला नाव द्यायचे. पडदा एवढासा, अक्षरं मोजकीच मावायची, पण नावं ऐकावीत. 'ओली भिंत'. 'रिकामा हॉल'. एकाचं नाव 'मोठी आत्या'. हा कसला आवाज, असं मी विचारलं, तर म्हणाले, "जवळ घेतो, पण रागावल्याशिवाय घेत नाही."

मी खाली कपडे अल्टर करते. नवीन शिवत नाही. कुणी वाळतं, कुणी सुटतं, कुणी थोरल्या भावाची पँट धाकट्यासाठी आणतं, ते सगळं मापात आणून देते. नवरा होता तोवर दुकान त्याचं होतं, मास्तरांची आणि त्याची दोस्ती होती, म्हणून मास्तर मला वहिनी म्हणायचे. नवरा गेला, मुलगी लग्न होऊन लांब गेली, आणि मी, शिलाई मशीन आणि डोक्यावर मास्तरांचे आवाज एवढंच उरलं. तसं म्हटलं तर मास्तरांकडेही काही जास्त नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा परदेशात. त्याचा रविवारी फोन यायचा. फोन स्पीकरवर असायचा, त्यामुळे खाली बसून मलाही ऐकू यायचा.

"बाबा, गोळ्या संपल्या का?"

"हो, हो. मजेत."

"अहो, गोळ्या!"

"हो. तूही काळजी घे."

मला वाटायचं, लक्ष नाही यांचं. लक्ष असतं तेही कीबोर्डात.

साठवण्याच्या बाबतीत मास्तर फार कडक. आवाज कितीही छान जमवलेला असो, साठवायचं बटण दाबायच्या आधी दुसऱ्या आवाजावर गेलात, की आधीचा गेला. कुठे गेला विचारायचं नाही. एकदा दारावरची घंटा वाजली म्हणून ते गडबडीने उठले, हात भलत्याच बटणावर पडला आणि दिवसभराचं काम पुसलं गेलं. दारात मी होते, विजेचं बिल द्यायला आलेले. त्यानंतर कितीतरी दिवस ते माझ्याशी तुटक बोलत. जणू मी मुद्दाम बिल छापून आणलं होतं!

पुढे पुढे वरून येणाऱ्या आवाजांना धार चढायला लागली. आधी वाटलं, माझंच डोकं दुखतंय. मग एका दुपारी अशी कळ वाजली की माझ्या दाढेपर्यंत गेली. मी काही पोटात ठेवणारी बाई नाही. जिन्याच्या तोंडाशी उभी राहून ओरडले, "मास्तर, हल्ली तुमचे आवाज दातांत शिरतात हो!"

"वहिनी, तुम्ही कात्री चालवा!" वरून उत्तर आलं. नाकावर माशी बसू देतील तर ते मास्तर कसले.

त्यानंतर काही दिवसांनी हॉटेलात वाजवणारा तो पन्नाशीचा गृहस्थ, त्याला मी हॉटेलवालाच म्हणते, वरून खाली आला आणि माझ्या दारात घुटमळला. "काकू, एक प्लग मिळेल का? पाच मिनिटं."

मी कापायच्या टेबलावरचं कापड सरकवलं. त्याने कीबोर्ड काढून तिथे ठेवला, हेडफोन कानांना लावले आणि नुकत्याच वरून आणलेल्या आवाजाशी काहीतरी खुडबुड करत बसला.

"काय रे चाललंय?"

"धार उतरवतोय." त्याने दाराकडे बघत आवाज खाली आणला. "मास्तरांना वरचं ऐकू येत नाही आता. बारीक, चिरका भाग त्यांच्या कानांपर्यंत पोचतच नाही. म्हणून ते वाढवत जातात, वाढवत जातात. मी हे असंच वाजवलं तर लोक ताट सोडून पळतील."

"मग त्यांना सांग ना."

"तुम्ही सांगा."

"मी सांगितलं."

"मग?"

"मला कात्री चालवायला सांगितली."

तो हसला, मीही हसले, आणि तिथेच चुकलं. कारण हॉटेलवाल्याने ते इतरांना सांगितलं आणि मग रीतच पडून गेली. वर जायचं, मास्तरांनी केलेला आवाज डोळे मिटून ऐकायचा, "वा मास्तर!" म्हणायचं, ठरलेले पैसे द्यायचे, आणि खाली येऊन माझ्या टेबलावर तो आवाज माणसांच्या कानांना झेपेल असा करायचा. गाण्याचा क्लास चालवणारी बाई तर येताना माझ्यासाठी बिस्किटं आणायची. टेबलाचं भाडंच म्हणा.

मला ते पटत नव्हतं. मी कुणाची पँट आखूड केली आणि तो घरी जाऊन गुपचूप उसवत असेल, तर मला ते कळायला हवं. क्लासवालीला मी हे बोलून दाखवलं, तर ती म्हणाली, "जाऊ द्या हो काकू. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ त्यांची, आणि झाकताय तुम्ही!" मी म्हणाले. "तोंडावर वा वा आणि पाठ फिरली की उसवाउसवी. याला माया म्हणत नाहीत."

ती धार उतरवून निघून गेली. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला कुणीच तयार नव्हतं, आणि माझ्या हातातली घंटा मांजराने ऐकलीच नव्हती.

एक मात्र मला दिसत होतं. कुणी येऊन गेलं की मास्तर खुलायचे. वरून कपबशा धुतल्याचा आवाज यायचा, कधी स्वतःशीच गुणगुणणं. त्या एका 'वा'वर ते पुढचे कितीतरी दिवस काढायचे. आपले आवाज लोकांना हवे आहेत, म्हणून लोक एवढा जिना चढून येतात, या एका गोष्टीवर त्यांचं सगळं उभं होतं. ती काढून घेतली असती तर त्या खोलीत गोळ्या, रविवारचा फोन आणि दुखरे गुडघे एवढंच राहिलं असतं.

त्या दिवशी हॉटेलवाला आपला चष्मा वरच विसरून आला. पुन्हा जिना कोण चढणार, म्हणून त्याने मला कामाला लावलं. हेडफोन घालून तो बटणं दाबत होता आणि पडद्यावरचा धारेचा आकडा मी वाचून सांगत होते.

"काकू, किती झालं?"

"नव्वद."

"आता?"

"सत्तर."

"अजून खाली... आता?"

"पंचावन्न," मी म्हणाले, आणि मान वर केली, तर दारात मास्तर उभे. हातात चष्मा. एका हाताने चौकट धरलेली. आयुष्यात खाली न उतरणारा माणूस त्या दिवशी दुसऱ्याचा चष्मा द्यायला उतरला होता.

हॉटेलवाल्याने हेडफोन काढले. "काही नाही मास्तर, आमचा हॉल जरा घुमतो, म्हणून म्हटलं..."

मास्तरांनी पडद्याकडे बघितलं. त्यांनीच घातलेलं नाव होतं तिथे, 'पहाट'. आणि खाली आकडा. त्यांना काही समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी चष्मा टेबलावर ठेवला आणि हेडफोन स्वतःच्या कानांना लावले.

"माझ्या आकड्यावर ने. कळ दाब."

त्याने दाबली.

"आता तुझ्या आकड्यावर."

त्याने तेही केलं. मास्तरांनी तीन-चारदा आलटून पालटून ऐकलं. मग हेडफोन माझ्यापुढे धरले. "वहिनी, तुम्ही सांगा. बरा कोणता?"

मी हेडफोन लावले आणि हॉटेलवाल्याने दोन्ही आकड्यांवर कळ दाबून ऐकवली. पहिल्या आवाजाने माझे डोळे आपोआप मिटले, इतका तो चिरत गेला. दुसरा खरोखर पहाटेसारखा होता. एवढा सुरेख आवाज मास्तरांनीच केला होता, त्यावर फक्त धारेचं ओझं जास्त झालं होतं.

"दुसरा," मी म्हणाले.

"मला दुसरा कानात बोळा कोंबल्यासारखा ऐकू येतो," ते म्हणाले. मग हॉटेलवाल्याकडे वळून त्यांनी विचारलं, "असं किती जण करतात?"

तो माझ्याकडे बघायला लागला. मी कात्रीकडे बघायला लागले.

"सगळेच, मास्तर," शेवटी तो म्हणाला.

"मग वर येता कशाला?"

"तुम्ही एकटे असता ना," तो म्हणाला.

बिचारा प्रेमाने बोलला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, मी बघितलं. पण त्या क्षणी मला वाटलं, याच्या तोंडावर हात ठेवावा. मास्तरांचा चेहरा असा झाला की जणू कुणी भर बाजारात त्यांच्या हातावर भीक ठेवली. ते तसेच वळले. दारातून बाहेर पडताना मागे न बघता म्हणाले, "साठव ते. नाहीतर जाईल."

पुढे कुणी आलंच नाही. त्यांनी येऊ नका असं म्हटलं नव्हतं. दारही उघडंच असायचं. क्लासवाली रस्त्यात भेटली तेव्हा मी तिला झापलं, तर ती रडवेली होऊन म्हणाली, "आता कोणत्या तोंडाने जाऊ काकू? वा म्हटलं तरी खोटं वाटणार आणि नाही म्हटलं तर..." तिचं काही चुकत नव्हतं, म्हणूनच मला जास्त राग आला. खरं बोला, खरं बोला म्हणून मीच घसा कोरडा केला होता. खरं बोलून झालं आणि जिना ओस पडला.

वरून एकही कळ वाजेना. मला वाटलं होतं, दातांना आराम मिळेल. मिळाला, पण दुकानात बसवेना. मशीन थांबवलं की अशी शांतता व्हायची की मी उगाच नसलेली कामं काढायची, पुन्हा मशीन चालवायची. माणूस दिसत नसला तरी डोक्यावर त्याचा वावर असतो, आणि तोच आपली सोबत असतो, हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. शेवटी एका संध्याकाळी त्यांचा जुना शर्ट, जो मी बटण लावायला आणून विसरले होते, तो घेऊन वर गेले.

खोलीत दिवा लावलेला नव्हता. फक्त कीबोर्डचा एवढासा पडदा उजळलेला. मास्तर त्याच्यासमोर बसले होते. मला वाटलं रागावतील, पण ते म्हणाले, "बरं झालं आलात. बसा. एक काम आहे."

"माझ्याकडे? मी कात्रीवाली."

"तुमचे कान चांगले आहेत. तुम्ही आधीच सांगितलं होतंत." एवढंच म्हणाले, पण माफी मागितल्यासारखं म्हणाले, आणि मला ते सहन झालं नाही. मी शर्टाची घडी पुन्हा घातली.

त्यांनी एक घंटेचा आवाज केला होता. त्यात दोन थर होते. खालचा जाड, तो आधी विरायचा. वरचा अगदी बारीक, तो एकटाच मागे राहून हळूहळू संपायचा.

"कुणासाठी केलात?"

"कुणासाठी नाही," ते म्हणाले. "मला खालचा थर संपला की सगळंच संपतं. वरचा कुठवर जातो ते मला ऐकू येत नाही. मी कळ दाबून ठेवतो. संपला की सांगा. तेवढं कळलं की साठवून टाकतो, म्हणजे झालं."

त्यांनी कळ दाबली. आवाज भरून आला, खोलीत पसरला, मग जाड भाग ओसरला. मास्तरांच्या चेहऱ्यावरून मला कळलं, त्यांच्यापुरता तो आता संपला. वरचा मात्र होता, केसाएवढा, सरळ, कुठेही न थरथरता. मी जन्मात इतक्या लक्षपूर्वक काही ऐकलं नव्हतं. तो बारीक होत गेला, आणखी बारीक, आणि मग खोलीत फक्त बाहेरच्या रस्त्याचा आवाज राहिला.

मास्तर माझ्या तोंडाकडे बघत होते. बोट कळेवर तसंच. मी 'संपला' म्हटलं असतं, तर त्यांनी बोट उचललं असतं, साठवलं असतं, आणि मग काम झालं असतं. मला उठून खाली जावं लागलं असतं, माझ्या मशीनपाशी, आणि त्यांना इथे, त्या दिव्याशिवायच्या खोलीत, राहावं लागलं असतं. मला उठायचं नव्हतं. इतरांना तोंडावर खोटं बोलता म्हणून झोडपणारी मी, पण मला उठायचं नव्हतं.

"आहे अजून," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि कळ तशीच दाबून धरली.