दाजींसाठी सरकलेली दोरी

आमच्या हौशी विमानमंडळाचा सुरक्षाप्रमुख मी आहे, कारण मंडळात विमान उडवता न येणारा मी एकटाच आहे. बाकीचे सगळे आकाशात बघत असतात. कुणीतरी जमिनीवर बघायला हवं, म्हणून मला नेमलं. (एकदा विमानाच्या पंख्याच्या पात्यानं एका सभासदाचं बोट कापलं. टाके त्याला पडले, चक्कर मला आली! इतका घाबरट माणूस या कामाला दुसरा मिळायचा नाही, हे सगळ्यांनी तेव्हाच ओळखलं.)

तसं जुन्या जालन्यात माझं बियाण्याचं दुकान आहे. रविवारी आम्ही राजूर रस्त्याला एका मोकळ्या रानात जमतो. रिमोटवर उडणारी आमची विमानं म्हणजे खेळणी नव्हेत बरं का! वेगात येऊन डोक्यात बसलं तर डोकं फुटतं. म्हणून माझे नियम बिलकुल कडक. बघ्यांनी दोरीच्या मागं राहायचं. शिकल्याशिवाय रिमोटला हात लावायचा नाही. आणि मी "खाली!" असं ओरडलो की ज्यानं त्यानं जागच्या जागी बसायचं. फौजदार आला तरी त्याला दोरीच्या मागं उभं करीन, असं मी सांगत असे. फौजदार कधी आला नाही. दाजी आले.

दाजी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, सविताचे मालक. गाव आष्टी. आमच्या वास्तुशांतीला टॉवेल-टोपीचा आहेर त्यांच्याआधी काकांच्या जावयाला गेला (दिला कोणी? मीच!), तेव्हा दाजी भरल्या ताटावरून उठले ते थेट आष्टीला गेले. त्यानंतर दोन दिवाळ्या सविता माहेरी आली नाही. आई तिच्याशी फोनवर हसून बोलायची आणि फोन ठेवला की डोळ्याला पदर लावायची. यंदा कशीबशी समजूत पटली आणि जोडी भाऊबीजेला आली. आईनं मला स्वयंपाकघरात ओढलं.

"हे बघ, दाजीला कशालाच न्हाई म्हणायचं न्हाई. या बारीला रुसले तर माझी लेक मला पुन्हा दिसायची न्हाई."

"आई, मी कशाला नाही म्हणू?"

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून दाजींचा आवाज आला, "पाव्हणे, ते इमानाचं काय करून राह्यलात म्हणे तुम्ही? आम्हालाबी दाखवा की!"

आणि भाऊबीज नेमकी रविवारी आलेली!

दाजी, सविता आणि मी रानात पोचलो. दाजींच्या अंगात कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र पोशाख. ते गाडीवरून उतरले आणि दोरी ओलांडून सरळ पुढं जाऊन उभे राहिले. आता जावयाला "मागं व्हा" म्हणायचं कसं?

"दाजी, तिथून जरा..."

"काय?"

"तिथून जरा छान दिसतं, म्हणत होतो!"

शेवटी मी खुंट्या उपटल्या आणि दोरी दाजींच्या पुढं नेऊन बांधली. झाले की नाही दाजी दोरीच्या मागं? नियम बराबर पाळला गेला! पण दाजी आणखी पुढं सरकले. मी पुन्हा खुंट्या उपटल्या. दोरी पुढं गेली तसे बघेही पुढं आले, कारण दोरीपर्यंत उभं राहायची परवानगी मीच दिलेली. असं करत करत दोरी धावपट्टीला टेकली आणि विमान उडवणारे सगळे गर्दीच्या मागं अडकले.

"शेठ," आमचा सगळ्यात पक्का गडी गजानन टाचा उंचावत ओरडला, "मला माझंच इमान दिसंना गेलंय!"

"आवाजावर उडव!" मी म्हणालो. (हे सुरक्षाप्रमुखाचं वाक्य!)

विमानानं एक सुंदर फेरी मारली. दाजी खूश झाले, वळले आणि त्यांनी गजाननपुढं हात केला. "आणा इकडं. बघू जरा."

गजाननानं माझ्याकडं बघितलं. मागं उभ्या सवितानंही बघितलं. तिनं पदराचं टोक मुठीत गच्च धरलं होतं.

"दे त्यांना," मी म्हणालो.

आता यात एक गोम असते. विमान आपल्याकडं तोंड करून यायला लागलं की त्याचं उजवं आपलं डावं होतं. ते अंगवळणी पडायला महिने लागतात. दाजींनी विमान झोकात वळवलं आणि ते आमच्यावरच निघालं.

"पाव्हणे, हे इकडंच येऊन राह्यलंय!"

"उजवीकडं घ्या!"

"उजवीकडंच घेऊन राह्यलो!"

"मंग डावीकडं घ्या!"

"आधी एक काय ते ठरवा बरं!"

"खाली!" मी जीव खाऊन ओरडलो. गर्दी बसली, गजानन बसला, सविता बसली. दाजी मात्र रिमोट धरून ताठ उभे!

"दाजी, बसा! जल्दी बसा!"

"कशावर?" म्हणत दाजींनी मागं वळून बघितलं. खुर्ची नव्हती!

मी भीतीनं डोळे मिटले, आणि विमानाचा आवाज बंद झाला. आवाज बंद पडून तरंगत येणारं विमान सगळ्यात घातकी, हे मीच सगळ्यांना शिकवलेलं. बहीण विधवा होण्यापेक्षा माहेराला मुकलेली परवडली, असा विचार करून मी तशीच मिटल्या डोळ्यांनी दाजींवर उडी घेतली.

आम्ही दोघं शेणखत टाकलेल्या ढेकळांत जाऊन आदळलो. पांढरा पोशाख पांढरा राहिला नाही. मला वाटलं, संपलं सगळं! आता आईला तोंड कसं दाखवू? माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

दाजी उठून बसले. तोंडातली माती थुंकले. माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी मला कडकडून मिठी मारली.

"पाव्हणे! माझ्यासाठी जिवावर उदार झालात! सख्खा भाऊ करायचा न्हाई असं!"

तिथूनच त्यांनी आष्टीला फोन लावून घरच्यांना माझा पराक्रम सांगितला. घरी येऊन आईच्या पाया पडले. "सविताला चांगली महिनाभर ठेवून घ्या," म्हणाले. आईनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. मीही जरा छाती काढूनच बसलो होतो.

तेवढ्यात सवितानं मला परसात नेलं.

"दादा, इमान तर कवाच पलीकडच्या कपाशीत पडल्तं."

"म्हणजे?"

"म्हणूनच तर आवाज बंद झाल्ता! समद्यांनी बघितलं. हे मागं वळून खुर्ची बघत व्हते, म्हणून यांना दिसलं न्हाई."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, मागचा राग काढून राह्यलास!" सविता पदर तोंडाला लावून हसायला लागली. "खरं सांगू का, मला तर लई बरं वाटलं."

दाजींना हे अजून कुणीही सांगितलेलं नाही. मंडळानं मात्र पुढच्याच रविवारी एकमतानं एक नवा नियम केला. तो फक्त मला लागू आहे: विमान हवेत असताना सुरक्षाप्रमुखानं डोळे उघडे ठेवावेत!