उज्दा ते मघनिया: पाचवा अहवाल

उज्दा स्टेशनातून पूर्वेला निघालेला रूळ तेरा किलोमीटरवर सरहद्दीच्या तारेपाशी जाऊन थांबतो. तारेपलीकडे अल्जीरिया. तिथून मघनिया गाव इतकं जवळ, की पूर्वी सकाळच्या गाडीने निघालेला माणूस बहिणीकडे जेवून दिवेलागणीला घरी परत यायचा. रेल्वेतला मोजणीदार अल्लाल झरूकी महिन्यातून एकदा तेच करायचा. त्याची थोरली बहीण रहमा तिकडे दिलेली होती.

एकोणीसशे नव्वद साली शेजारच्या पाच देशांनी एकत्र बसून ठरवलं, की सगळ्यांना जोडणारा एकच लोहमार्ग करायचा. परदेशी बँकेने अभ्यासाला पैसे दिले. उज्दाच्या बाजूची मोजणी अल्लालकडे आली. तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता. उन्हातान्हात दुर्बीण घेऊन तो चढ मोजायचा, पूल तपासायचा. मग घरोघर जाऊन विचारायचा, पलीकडे तुमचं कोण आहे, वर्षातून कितीदा जाता? पाचशे घरांपैकी तीनशे बारा घरांनी कुणी ना कुणी सांगितलं. मार्ग फायद्याचा ठरला.

चार वर्षांनी दोन्ही सरकारांचं बिनसलं आणि सरहद्द बंद झाली.

अल्लालला वाटलं, दोन-चार महिन्यांत निवळेल. तसं काही झालं नाही, पण अभ्यास मात्र थांबले नाहीत. दर काही वर्षांनी कुठल्यातरी राजधानीत बैठक भरे, कुणीतरी पैसे देऊ म्हणे, आणि पैसे देणारा आधी ताजा अहवाल मागे. अहवाल तयार होईपर्यंत पैसे देणाऱ्याचा विचार बदललेला असे. दुसरा झाला, तिसरा झाला. चौथ्याच्या वेळी बायको तामू म्हणाली, "तुमची गाडी बरी, कागदावरच धावते. ना कोळसा, ना ड्रायव्हर."

तो हसला नाही. त्याच दिवशी त्याने फोनवर रहमाला सांगितलं होतं, "ताई, या खेपेला नक्की. बँकेची माणसं स्वतः येऊन रूळ बघून गेली."

दरवेळी तो हेच सांगायचा. ती म्हणायची, "ये मग. तुझ्या आवडीचं करान करून ठेवते." चण्याच्या पिठाचं करान दोन्हीकडे सारखंच करतात, पण त्याला तिच्याच हातचं हवं असे.

दोन हजार बावीसच्या हिवाळ्यात रहमा गेली. इतकी वर्षं विमानाचा लांबचा फेरा अल्लालला परवडला नव्हता; आता तर दोन्ही देशांमधली विमानंही बंद होती. अल्लाल आधी कासाब्लांकाला गेला, तिथून विमानाने तिसऱ्याच देशातल्या ट्यूनिसला, ट्यूनिसहून अल्जीरियातल्या ओरानला आणि पुढे मोटारीने मघनियाला. पंचवीस किलोमीटरसाठी चार दिवस लागले. तोवर माती होऊन गेली होती. भाची वहीदाने दार उघडलं. तिला त्याने शेवटचं पाहिलं तेव्हा ती रांगत होती.

"आई शेवटपर्यंत सगळ्यांना सांगत होती, मामा," ती म्हणाली. "अल्लालचं काम चाललंय, आता गाडी सुरू होईल. डॉक्टर ओरानला मुलाकडे जा म्हणाले, तरी हलली नाही. तुम्ही याल आणि घराला कुलूप दिसेल म्हणून."

अल्लाल दाराच्या चौकटीला धरून खाली बसला. आपण तिला धीर देत होतो असं त्याला इतकी वर्षं वाटत होतं.

पुढे दोन वर्षांनी पाचवा अभ्यास निघाला. राजधानी राबातहून सनाए नावाची तरुण अधिकारी आली. जुनी घरं ठाऊक असलेला माणूस म्हणून तिने निवृत्त अल्लालला बरोबर घेतलं. जायचं नव्हतं, पण नाही म्हणायचंही त्राण त्याच्यात नव्हतं. तीच पाचशे घरं, तेच प्रश्न. लोक चहा पाजत आणि म्हणत, आजी होती तोवर नाव निघायचं, आता कुणाला ओळखतो आम्ही? एके ठिकाणी तर म्हाताऱ्याने पलीकडच्या भावाचं नाव आठवायला बायकोला हाक मारली.

शेवटी अल्लालचंच घर आलं. सनाएने संकोचत विचारलं, "काका, तुमचं काय लिहू?"

"कुणी नाही, असं लिही."

"पण भाची आहे ना तुमची?"

"दोनदाच आठवते ती मला, पोरी. एकदा रांगताना, एकदा रडताना. तिच्यासाठी कुणी रूळ टाकणार आहे का?"

तिने खाली मान घालून लिहिलं.

पाचशेपैकी फक्त एकेचाळीस घरांनी पलीकडचं कुणी सांगितलं. प्रवासी मिळणार नाहीत, सबब मार्गावर खर्च करणं योग्य नाही, असा अहवाल झाला. साक्षीदार म्हणून सही करायला अल्लालकडे प्रत आली. त्याने चष्मा लावून तीन दिवस एकेक आकडा पडताळला. कुठेतरी चूक निघावी, एक बेरीज तरी फसावी, असं त्याला फार वाटत होतं. पण पोरीचं काम चोख होतं. चौथ्या दिवशी त्याने सही केली आणि तामूला म्हणाला, "हे पाकीट टपालात टाकून ये. माझ्याने नाही जाववत."