बंद खिडक्यांमागचं रसायन

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. विद्यापीठातल्या माझ्या प्रयोगशाळेत कापडावरचा रंग पक्का करणारं एक रसायन तयार झालं आणि इच्छापोरच्या एका डाईंग मिलने ते वापरायला घेतलं. प्रयोगशाळेत वाफ ओढून घेणारा पंखा सतत चालू असे. मिलमध्ये ओल्या कापडावर धूळ बसू नये म्हणून खिडक्या बंद ठेवत आणि वाफ आतच कोंडे. हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं.

मशीनवरचा खानदेशी कारागीर हसत म्हणाला, "साहेब, डोळे लई चुरचुरतात. बायको विचारते, मिलमध्ये रडायला जाता का?"

"होईल सवय," मी म्हणालो. खिडक्या उघडायला लावल्या असत्या, तर मिलने रसायनच नाकारलं असतं.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्याची नजर गेली. मी कोसाडला त्याच्या घरी गेलो, ते माफी मागायलाच. त्याने मला आवाजावरून ओळखलं.

"या साहेब. आता तरी खिडक्या उघडल्या का तिथं?"

त्या अजून बंदच होत्या. मी "हो" म्हणालो, चहा प्यालो आणि माफी न मागताच उठलो.