थेंब मोजणाऱ्या अक्का

अक्कांसमोर कुणी काही ठामपणे सांगू लागलं, की त्या हातातलं काम बाजूला ठेवत आणि विचारत, “बघितलं का तुमी?” बघितलं नसेल तर त्याच्या हातात परीक्षानळी देत. “मग आधी बघा की.” प्राचार्य असोत नाहीतर पहिल्या वर्षाची पोरं, सगळ्यांना एकच न्याय.

सोलापुरात ज्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवतो, तिथे अक्का प्रयोगशाळेत परिचर होत्या. शिक्षण दहावी. घर विणकरांचं, घरात तेलुगू, बाहेर मराठी. सिल्व्हर नायट्रेट हाताळून बोटांची टोकं कायमची काळी पडलेली. तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल बघा, हुद्द्याने सगळ्यात खालचं, पण ते रजेवर गेलं की सगळ्यांचे हात अडतात.

रविवारी त्या पिशवीत बाटल्या भरून वस्त्यांमध्ये, खेड्यांमध्ये प्रयोग दाखवायला जात. एकदा आम्ही सांगोल्याला डाळिंबवाल्यांकडे गेलो. मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, आणि चुना यांचं औषध फवारून त्यांची पानं करपली होती. मी फळ्यावर समीकरण लिहून अर्धा तास बोललो. अक्कांनी एक विळा मागितला, घासून लख्ख केला आणि औषधाच्या पिंपात मिनिटभर बुडवला. पात्यावर तांब्याचा लालसर थर चढला.

“असं लाल झालं की चुना कमी पडलाय समजायचं. अजून चुना घाला. पातं लाल व्हायचं थांबलं की मग फवारा.”

एक म्हातारा माझ्याकडे वळून म्हणाला, “हे आदी सांगायचं न्हाय व्हय सायेब?”

आमच्या कॉलेजात दरवर्षी शाळांसाठी रसायन महोत्सव भरतो. मुलं प्रकल्प मांडतात, परीक्षक बक्षिसं देतात. त्या वर्षी अक्कांनी आपल्या वस्तीतल्या नववीच्या तीन मुलींना तयार केलं. त्यांतली श्रावणी सगळ्यात बोलकी. तिची आई घरी विड्या वळायची. मुलींनी वस्तीतल्या बोअरचं पाणी तपासायचं ठरवलं. आधी एक रसायन घालून पिवळ्या केलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकत जायचं आणि पाणी विटकरी होईपर्यंत किती लागले ते मोजायचं. थेंब जितके जास्त, तितकं मीठ जास्त. नाल्याच्या जवळ जावं तसे थेंब वाढत गेले. नाल्यात एका डाइंगचं, म्हणजे सूत रंगवायच्या कारखान्याचं पाणी येत होतं आणि रंग पक्का करायला तिथे मीठ पोत्यांनी वापरत.

अडचण अशी, की महोत्सवाचा खर्च त्या डाइंगचे मालकच उचलत होते आणि प्रमुख पाहुणेही तेच.

विभागप्रमुखांनी निरोप द्यायला मला पाठवलं. मी गेलो, हे आज लपवून उपयोग नाही.

“अक्का, विषय बदला. साबणाचा वगैरे काहीतरी घ्या. नाहीतर नाव काढावं लागेल.”

“सर, थेंब चुकीचे मोजलेत का पोरींनी?”

“नाही.”

“मग काढा नाव. थेंब तेवढेच राहणार.”

महोत्सवाच्या दिवशी अक्कांनी रजा टाकली. सकाळी आम्ही पाहिलं, तर कॉलेजच्या फाटकाबाहेर फूटपाथवर घरातलं टेबल मांडलेलं, त्यावर ओळीने बाटल्या, मागे तीन मुली गणवेशात. आत जाणारी प्रत्येक शाळा तिथे थांबत होती. वॉचमन हटकायला गेला. अक्का म्हणाल्या, “रस्ता महापालिकेचा हाय. तू पण एक बाटली हलव.” तो हलवत बसला.

मालकांची गाडी आली. गर्दी पाहून ते उतरले. श्रावणीने त्यांच्यासमोर दोन नमुने तपासले. लांबच्या बोअरला अकरा थेंब, नाल्याजवळच्या बोअरला चव्वेचाळीस.

“बाळ, सोलापूरचं पाणी मुळातच खारट आहे,” ते हसून म्हणाले.

“म्हणूनच लांबचं पण घेतलं की सर,” श्रावणी म्हणाली. “तुमच्या घरचं आणा, ते पण मोजते.”

मालक गाडीत न बसता चालतच आत गेले. भाषण दोन मिनिटांत संपलं.

मुलींना बक्षीस मिळालं नाही, मिळणारच नव्हतं. अक्कांना नोटीस आली आणि निवृत्तीपर्यंतचं दीड वर्ष त्यांना जुन्या कागदपत्रांच्या खोलीत बसवलं. प्रयोगशाळेची पायरी चढायची नाही, असा तोंडी हुकूम. मी भेटायला गेलो तेव्हा त्या कपाट पुसत होत्या. “माफी लिहून दिली तर परत घेतील,” मी म्हणालो. त्यांनी फडकं पिळलं. “कशाची माफी, तेवढं लिहून आणा. वाचून बघते.”



पण वस्तीतल्या बायका आता रविवारी बाटल्या घेऊन अक्कांच्या ओट्यावर येऊ लागल्या. मुली थेंब मोजायच्या, वहीत लिहायच्या. त्या वहीची नक्कल जोडून बायकांनी महापालिकेत अर्ज दिला, मग दुसरा, मग तिसरा. तिसऱ्यानंतर माणसं येऊन नमुने घेऊन गेली आणि नाल्यात उघडणारा डाइंगचा एक पाइप सिमेंटने बंद झाला. पाणी अजून खारटच आहे. जमिनीत मुरलेलं मीठ अर्जाने निघत नाही. सिल्व्हर नायट्रेटची बाटली मी आणून देऊ लागलो होतो, एवढंच काय ते माझं शौर्य.

गेल्या उन्हाळ्यात अक्का गेल्या. छातीत दुखायला लागलं आणि तासाभरात सगळं संपलं. मी परगावी होतो. परतलो तो रविवार होता. घरच्यांना भेटायला म्हणून सकाळी वस्तीत गेलो. काय बोलायचं ते रिक्षात मनाशी जुळवत होतो.

ओट्यावर बायका बाटल्या घेऊन उभ्या होत्या. पायरीवर श्रावणी बसली होती, रडून डोळे सुजलेले, हातात ड्रॉपर. मी पुढे होऊन काही बोलणार, तोच तिने मान वर न करता हात दाखवून मला थांबवलं.

“एकोणतीस, तीस... सर, मागं रांगेत या की. मोजणं चुकेल.”

मी मागे जाऊन उभा राहिलो.